आधी अधिसूचना, मग पाटी : गल्लीतल्या पार्किंगसाठी अर्ज कसा करावा

सव्वीस वर्षं मी एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत नोकरी केली. आधी आवक-जावक टेबलावर, पुढे सभा लिपिक म्हणून. पार्किंगचे अर्ज दर महिन्याला यायचे. "आमच्या गल्लीत नो पार्किंगचा बोर्ड लावावा ही नम्र विनंती" एवढी एक ओळ आणि खाली पंचवीस-तीस सह्या. मी शिक्का मारायचे, आवक क्रमांक टाकायचे आणि अर्ज बांधकाम विभागाकडे जायचा. तिथून उत्तर निघायचं, "सदर बाब वाहतूक पोलिसांच्या अखत्यारीत येते." अर्जदार पोलीस ठाण्यात गेला की तिथे सांगायचे, "बोर्ड लावणं नगरपरिषदेचं काम." दोन्ही उत्तरं खरी होती. तरी अर्जदाराच्या हातात काहीच पडत नसे.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी ही वेळ माझ्या घरावर आली. सासूबाईंना रात्री साडेनऊला छातीत कळ आली. अँब्युलन्स गावात वेळेत पोचली, पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी, मारुतीच्या देवळापाशी, अडकली. दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या होत्या. पोरांनी स्ट्रेचर हातांवर उचलून देवळापर्यंत नेलं. सासूबाई वाचल्या. त्याच आठवड्यात मी अर्ज लिहायला बसले आणि तो शेवटाला नेला. पाटी लागायला तेरा महिने गेले. त्या तेरा महिन्यांत जे केलं, आणि टेबलाच्या पलीकडे बसून जे पाहिलं होतं, ते इथे सांगते. हे नगरपरिषद किंवा नगरपंचायत असलेल्या गावांसाठी आहे. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात अधिकारी वेगळे, पण वाट बरीचशी हीच.

कुणाच्या हातात काय

मनात सगळ्यात आधी पक्कं करायची गोष्ट म्हणजे, नुसती पाटी ठोकल्याने नो पार्किंग होत नाही. त्यामागे अधिसूचना, म्हणजे अधिकार असलेल्या कार्यालयाने काढलेला जाहीर आदेश, लागते. अधिसूचना नसेल तर त्या पाटीखाली गाडी लावणाऱ्याला दंड झाला तरी तो हरकत घेऊ शकतो, आणि त्याची हरकत टिकते.

अधिसूचना काढण्याचा अधिकार नगरपरिषदेला नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये तीन कलमं लागोपाठ आहेत. कलम ११५ वाहनांवर निर्बंध घालण्याचं आहे. एकेरी वाहतूक, अवजड वाहनांना बंदी हे सगळं त्यात येतं. कलम ११६ वाहतूक चिन्हांचं. कलम ११७ गाड्या कुठे, किती वेळ उभ्या राहतील ते ठरवण्याचं. हे तिन्ही अधिकार राज्य शासनाचे, किंवा शासनाने ज्याला प्राधिकृत केलं त्याचे. याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३३ आहे. रस्त्यावरच्या रहदारीचे आणि वाहनं उभी करण्याचे नियम करण्याचा अधिकार त्याने आयुक्तालयाच्या शहरात पोलीस आयुक्तांना आणि बाकी ठिकाणी जिल्हादंडाधिकाऱ्यांना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना, दिला आहे. आमच्यासारख्या गावात आदेश निघतो तो जिल्हाधिकारी कार्यालयातून, पोलिसांचा अहवाल जोडून.

मग नगरपरिषदेकडे काय उरतं? पुष्कळ उरतं. कलम ११७ मध्येच लिहिलंय की, जागा ठरवताना तिथल्या स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करायचा. हा विचारविनिमय कागदावर दाखवायचा तर नगरपरिषदेचा ठराव लागतो. म्हणून ठराव नुसता शिफारशीचा कागद समजू नका. त्याच्याशिवाय वरची फाइल अर्धवट राहते.

रस्ता नगरपरिषदेचा असेल तर त्यावरचे अडथळे काढणं, हातगाड्या-टपऱ्यांचं अतिक्रमण हटवणं, पट्टे मारणं, पाट्यांचा खर्च करणं हे तिचंच काम. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यामुळे हातगाडीवाल्यांना कुठे बसवायचं हा प्रश्न नगर पथविक्रेता समितीसमोर न्यावा लागतो. त्यांना नुसतं हुसकून लावू नका. तीही आपलीच माणसं. आणि राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, १७ व्या क्रमांकावर, रस्त्यावरची दिवाबत्ती, वाहनतळ आणि बसथांबे ही नगरपालिकांची कामं म्हणून नोंदलेली आहेत. गावात वाहनतळ नाही ही तक्रार पोलिसांकडे नेऊन उपयोग नाही. ती मुख्याधिकाऱ्यांकडेच न्यायची.

रिक्षा थांबा हलवायचा असेल तर वाट तिसरीच. त्याचा निर्णय प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे होतो, आरटीओ कार्यालयामार्फत.

आधी रस्ता कुणाचा ते बघा

गावातून जाणारा रस्ता नगरपरिषदेचाच असतो असं नाही. मुख्य पेठेतला रस्ता कित्येकदा सार्वजनिक बांधकाम विभागाचा राज्यमार्ग असतो, कधी राष्ट्रीय महामार्ग असतो. तिथे पाटी लावायची तर त्या विभागाचं ना-हरकत लागतं. ही माहिती बांधकाम विभागात तोंडी विचारली तर मिळते, पण ती लेखी घ्या. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करा आणि नेमका प्रश्न विचारा : अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंतचा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे व त्याची नोंदीनुसार रुंदी किती? उत्तराची मुदत तीस दिवस. त्याच अर्जात, या रस्त्यावर पूर्वी काढलेली वाहतूकविषयक अधिसूचना असल्यास तिची प्रत मागा. मी मागितली, तेव्हा आमच्याच गल्लीला अवजड वाहनांची जुनी बंदी असल्याचं निघालं. पाटी कधीच पडली होती आणि कागद कपाटात होता. तेवढं एक काम मग नव्या अधिसूचनेशिवाय झालं.

टेप घेऊन रस्त्यावर उतरा

"फार गर्दी होते" या वाक्यावर कुणी निर्णय घेत नाही. मोजमाप दिलंत तर ते फाइलमध्ये राहतं आणि टिपणी लिहिणाऱ्या लिपिकाला आयतं वाक्य मिळतं. मी स्वतः टिपण्या लिहिल्या आहेत. आकडा असलेला अर्ज हातात आला की तो बाजूला ठेववत नाही.

आमच्या गल्लीची रुंदी गटाराच्या कडेपासून कडेपर्यंत ६.२ मीटर भरली. चारचाकीची रुंदी साधारण १.८ मीटर धरली तर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्यावर मधे उरतात २.६ मीटर. रस्त्यावरच्या मोठ्या वाहनाला कायद्याने जास्तीत जास्त जेवढी रुंदी चालते, ती बरोबर २.६ मीटर. म्हणजे अग्निशमनाची मोठी गाडी आमच्या गल्लीत शिरूच शकत नव्हती. एका बाजूच्या गाड्या काढल्या तर ४.४ मीटर मोकळे होतात. अख्ख्या अर्जात सगळ्यांत जड पडलं ते हे गणित.

त्यानंतर तीन वेगवेगळ्या दिवशी, त्यातला एक आठवडी बाजाराचा, दुपारी तीन ते रात्री नऊ या वेळेत गाड्या मोजल्या. नात वही घेऊन बरोबर होती. चारचाकी किती, दुचाकी किती, टेम्पो किती, आणि एक गाडी साधारण किती वेळ उभी राहते. तेव्हा ध्यानात आलं की, दिवसभर हलत नसलेल्या गाड्यांत गिऱ्हाइकांच्या थोड्या आणि दुकानदारांच्या व आमच्या गल्लीतल्या रहिवाशांच्याच जास्त होत्या. हे कळल्यामुळे मागणीच बदलली.

साध्या कागदावर हाताने नकाशा काढा. देऊळ, शाळेचं फाटक, दवाखाना, विजेचे खांब, गटार, वळण. कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत काय हवंय ते त्यावर दाखवा.

मागणी काय करायची

सरसकट नो पार्किंग मागू नका. माझ्या नोकरीत सरसकट बंदीची मागणी व्यापाऱ्यांच्या विरोधी अर्जाने मेलेली मी कितीदा तरी पाहिली. अरुंद पेठांसाठी सम-विषम पार्किंग चांगलं चालतं. सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या. पुण्याच्या पेठांमधल्या पी १, पी २ च्या पाट्या तुम्ही पाहिल्या असतीलच. कुठल्याच दुकानापुढे कायमची बंदी येत नाही, त्यामुळे विरोध निवळतो. शाळेजवळ वेळेपुरती बंदी मागता येते. माल उतरवणाऱ्या टेम्पोंना सकाळची वेळ ठरवून मागता येते.

काही गोष्टी मागाव्याच लागत नाहीत, त्या नियमातच आहेत. २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक विनियमांनुसार फूटपाथवर, झेब्रा क्रॉसिंगवर, बसथांब्यावर, कुणाच्या फाटकासमोर, आणि नेमून दिलेली जागा नसेल तर चौकाच्या कडेपासून ५० मीटरच्या आत गाडी लावायला मनाईच आहे. त्यासाठी अर्जात "नवीन आदेश काढावा" असं लिहू नका. "अंमलबजावणी व्हावी" असं लिहा.

गतिरोधकाची मागणी याच अर्जात घालायचा मोह टाळा. त्याची फाइल वेगळी आणि मापं वेगळी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. गल्लीत पोरं रात्रीतून सिमेंटचा जो उंचवटा करतात त्यावरून म्हाताऱ्या माणसांच्या मणक्यांचे हाल होतात, हे मी अगदी कळवळून सांगते.

अर्जाचा मजकूर

अर्ज एकच लिहा आणि तो तिघांना उद्देशून लिहा : मुख्याधिकारी, पोलीस निरीक्षक आणि जिल्हाधिकारी. तिघांची नावं एकाच कागदावर दिसली की "हे आमचं नाही" असं लिहिणं अवघड जातं. प्रत्येकाला वेगळी मागणी करा. माझ्या अर्जातला मुख्य भाग असा होता :

"मारुती मंदिर ते जुनी मंडई हा नगरपरिषदेच्या ताब्यातील १८० मीटर लांबीचा रस्ता ६.२ मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंस वाहने उभी राहिल्यास मध्ये २.६ मीटर जागा उरते व रुग्णवाहिका, अग्निशमन वाहन जाऊ शकत नाही. मोजणीचा तक्ता, नकाशा व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. तरी, (१) नगरपरिषदेने सदर रस्त्यावर सम-विषम तारखेस एका बाजूस पार्किंग करण्याबाबत सर्वसाधारण सभेत ठराव करून तो पोलीस विभागास पाठवावा. (२) पोलीस निरीक्षकांनी स्थळपाहणी करून अहवाल सादर करावा. (३) मा. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ११५ ते ११७ व महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम ३३ अन्वये अधिसूचना काढावी."

कलमांची नावं स्वतः लिहा. लिपिकाला ती शोधायला लागली की फाइल खाली जाते. सह्या घेताना घर क्रमांक लिहून घ्या, आणि गल्लीतल्या निदान चार-पाच दुकानदारांच्या सह्या घ्याच. तिन्ही ठिकाणी पोच घ्या, शिक्क्यासकट. आवक क्रमांक आणि तारीख वहीत उतरवून ठेवा. पुढे प्रत्येक पत्रात तोच क्रमांक लिहायचा.

ठराव नीट लिहिला जातोय का, ते बघा

आता माझ्या खात्याची गोष्ट. विषय सभेपुढे यायचा तर तो विषयपत्रिकेवर हवा. विषयपत्रिका निघण्याआधी प्रभागातल्या नगरसेवकांना भेटा आणि सूचक-अनुमोदक कोण होणार ते ठरवून घ्या. आयत्या वेळच्या विषयात घुसवू नका. तसे ठराव पुढे हरकतीत सापडतात. मध्यंतरी अनेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. अशा वेळी सभेचे अधिकार प्रशासकाकडे असतात आणि त्यांच्या सहीचा ठरावही तेवढाच चालतो.

"शहरातील पार्किंगबाबत योग्य ती कार्यवाही करण्यास सभा मंजुरी देत आहे." असे ठराव मी स्वतःच्या हाताने लिहिलेत आणि त्यातून काहीही झालं नाही, कारण कुणी, कुठे, काय करायचं ते त्यात नव्हतं. तुम्हाला हवा तो ठराव असा : रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत, कुठल्या तारखांना कुठली बाजू, कुणाला सूट, पाट्यांचा व पट्ट्यांचा खर्च कुठल्या लेखाशीर्षातून (म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या सदरातून), आणि ठरावाची प्रत किती दिवसांत पोलिसांना व जिल्हाधिकाऱ्यांना पाठवायची. खर्चाचं वाक्य राहिलं तर अधिसूचना आल्यावरही पाट्या लागत नाहीत. नगरसेवकांच्या हातात हा मसुदा टाइप करून द्या. सभा लिपिकालाही एक प्रत द्या. मला कुणी अशी प्रत दिली असती तर मी आनंदाने घेतली असती.

इतिवृत्त कायम झालं, म्हणजे सभेचा लेखी वृत्तांत मंजूर झाला, की ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल मागा.

पोलीस, हरकती आणि महिनाभराचा प्रयोग

ठरावाची नक्कल घेऊन वाहतूक शाखेत स्वतः जा. पोलिसांचा अहवाल हा सगळ्या साखळीतला सगळ्यात हळू दुवा, कारण त्यांच्याकडे माणसं कमी आणि बंदोबस्त जास्त. आमचा अहवाल पाच महिने अडकला. तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. जिल्ह्याच्या लोकशाही दिनात, जो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, अर्ज टाकला. तो आगाऊ द्यावा लागतो. आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीच्या सदस्य सचिवांना पत्र दिलं. त्या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात, पोलीस, परिवहन, बांधकाम सगळे एका टेबलाशी असतात. समितीच्या बैठकीनंतर पंधरवड्यात स्थळपाहणी झाली.

पाहणीच्या वेळी हजर राहा. टेप बरोबर न्या आणि साहेबांसमोर मोजा.

मग हरकती येतात. आमच्या व्यापाऱ्यांनी पहिल्यांदा विरोधच केला. मी त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या दुकानदारांकडे, ज्यांना अख्खी पेठ काका म्हणते, मोजणीची वही घेऊन गेले. "काका, ह्या बघा, दुपारी तीनपासून रात्री नऊपर्यंत एकाच जागी उभ्या असलेल्या गाड्या. ह्यात गिऱ्हाइकाची एक तरी आहे का?" त्यांनी वही दोनदा वाचली आणि म्हणाले, "वहिनी, पहिली माझीच आहे." दुसऱ्या दिवसापासून ती गाडी मंडईमागच्या मोकळ्या जागेत लागायला लागली आणि विरोधाचा अर्ज त्यांनीच मागे घ्यायला लावला.

अजून एक सोय कायद्यात आहे, ती मागून घ्या. कलम ११५ खालचा निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त काळ नसेल तर राजपत्रात प्रसिद्धी लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून आधी प्रायोगिक तत्त्वावर महिनाभराचा आदेश मागा. लोक बघतात, सवय होते, आणि हरकती अंदाजावर न येता अनुभवावर येतात. आमच्या महिनाभराच्या प्रयोगातून एकच दुरुस्ती निघाली : दवाखान्यासमोरची दोन गाड्यांची जागा रुग्णांसाठी दोन्ही तारखांना मोकळी ठेवणे. ती अंतिम आदेशात आली.

पाटी आणि दंड

पाटी मानकाप्रमाणेच हवी. नो पार्किंगचं चिन्ह म्हणजे लाल कडेची निळी गोल पाटी आणि तिच्यावर एक तिरपी लाल रेघ. दोन रेघांची फुली असेल तर तिथे थांबायलाही मनाई. या दोन्हींत गल्लत झालेल्या पाट्या मी गावोगाव पाहते. खाली जोडपाटीवर बाण, तारीख-वेळ आणि अधिसूचनेचा क्रमांक मराठीत लिहायला सांगा. क्रमांक लिहिलेला असला की वाद तिथेच मिटतो. आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्ससाठी हा खांब वापरला जाणार नाही याकडे गल्लीने लक्ष ठेवायचं.

दंड पोलीसच करतात, नगरपरिषदेचा कर्मचारी मोटार वाहन कायद्याचं चलन फाडू शकत नाही. कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा केलं तर १५०० पर्यंत. मनाईच्या जागेवरची गाडी टो करणं किंवा चाकाला जॅमर लावणं कलम १२७ खाली होतं, आणि त्याला गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याची परवानगी लागते. टोइंगवाला ठेकेदार एकटा येऊन गाडी उचलत असेल तर त्याला थांबवा आणि विचारा.

ज्याला कुणाचीच अधिसूचना लागत नाही

शेवटी असं एक काम, जे नगरपरिषद उद्या सकाळी करू शकते. गावातल्या नव्या व्यापारी इमारतींना परवानगी देताना तळघरात किंवा स्टिल्टखाली, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत, पार्किंग दाखवलेलं असतं. प्रत्यक्षात तिथे गोदाम, क्लास, नाही तर जिम. मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा, जागेवर जाऊन फोटो काढा, आणि मुख्याधिकाऱ्यांकडे प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस काढण्याची मागणी करा. आमच्या पेठेत अशा एकाच इमारतीचं तळघर मोकळं झालं आणि बावीस गाड्या रस्त्यावरून आत गेल्या.

विकास आराखडाही उघडून बघा. त्यात 'वाहनतळ' म्हणून आरक्षित भूखंड बहुधा असतो आणि तो कुणी घेतलेला नसतो. अंतिम आराखड्याला दहा वर्षं उलटली, मालकाने याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ची खरेदी सूचना (जागा विकत घ्या अशी नोटीस) दिली आणि चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण संपतं आणि जागा कायमची जाते. म्हणून हा प्रश्न प्रत्येक अर्थसंकल्पाच्या आधी, जानेवारीतच, लेखी विचारा.

अधिसूचनेच्या दहा नकला काढून ठेवा. आमची एक देवळाच्या ट्रस्टकडे आहे, एक औषधाच्या दुकानात काचेखाली, एक काकांच्या गल्ल्यापाशी. पोलीस निरीक्षक बदलून नवे आले की पहिल्या आठवड्यात आम्ही चौघंजण एक नक्कल घेऊन त्यांना भेटायला जातो.